राजवाडा, राजकन्या आणि आपला मोहल्ला

(वर्षावास व्याख्यानमालेत दर्यापूर येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



 

प्रारंभीच सांगून टाकतो की आम्ही साहित्यिक नाही, प्राध्यापक नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत. दिवसभर व्हाउचर, पासबुके आणि पीककर्जाची प्रकरणे यांत आमचा वेळ जातो. कला शाखेची पदवी घेताना मराठी वाङ्मय हा विषय होता आणि वाचनाची गोडी तेव्हापासूनची, एवढेच आमचे भांडवल. कार्यवाहांनी 'विद्यार्थ्यांना वाचनाविषयी चार शब्द सांगा' असा आग्रह केला. आम्ही विषय कळविला, 'अद्भुतरम्य प्रेमकथा आणि आपण'. तो ऐकून एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, वर्षावासात राजाराणीच्या गोष्टी कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या भाषणातून मिळावे अशी आशा आहे.

हा विषय आम्हाला सुचला तो एका विद्यार्थिनीमुळे. बी.ए.च्या वर्गात शिकणारी, आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी. एके दिवशी ती एक जाड इंग्रजी कादंबरी घेऊन आमच्याकडे आली. व्हिक्टोरिया एव्हयार्ड या अमेरिकन लेखिकेची 'रेड क्वीन', २०१५ साली निघालेली. त्या कादंबरीतल्या जगात माणसांचे दोन वर्ग आहेत. ज्यांचे रक्त रुपेरी ते राज्य करणारे, त्यांच्या अंगी जादूची शक्ती. ज्यांचे रक्त लाल ते राबणारे, लढाईत मरणारे. एक लाल रक्ताची गरीब मुलगी राजवाड्यात कामाला जाते आणि तिच्याही अंगी शक्ती असल्याचे सर्वांसमोर उघड होते. राजघराण्यातले तरुण, प्रेम, कपट, बंड, सारे काही त्यात आहे. ती मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, रक्तावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या जगाची ही गोष्ट. आपण तर अशा जगाविरुद्ध लढणारी माणसं. मग मला ही कादंबरी एवढी का आवडावी? मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत होते. आवडली म्हणून मला मनातून अपराध्यासारखं वाटतं."

त्या दिवशी आम्हाला तिला नीट उत्तर देता आले नाही. "अभ्यासाचं वाच," असे काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो आमचाही जुना प्रश्न होता.

१९९३-९४ साल असेल. आम्ही आठवीत होतो. त्या काळी मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला गाडी आपल्या बनोसा स्टेशनावर थांबत असे. आता ती बंद पडली आहे. वाचनालयातून आम्ही नाथ माधवांची 'वीरधवल' आणली होती. मुखपृष्ठ गेलेले, पहिली काही पाने गहाळ. घरी आजी होती. तिला अक्षरओळख नव्हती. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचून यायची, खाऱ्या पाण्याने हातपाय धुवायची आणि भाकर खाऊन झाली की म्हणायची, "वाच रे बापू, काल कुठी थांबला होता?" लाइट असली तर दिव्याखाली, नसली तर कंदिलापाशी बसून आम्ही मोठ्याने वाचायचो. ती मध्येमध्ये "मंग?" म्हणून हुंकार द्यायची.

एके रात्री तिने मध्येच थांबविले आणि विचारले, "बापू, या राजाच्या गावात आपला मोहल्ला कोन्या बाजूनं होता रे? थ्या वाड्यातलं ढोर मेलं तर कोन ओढे? लिवनाऱ्यानं थे नाई सांगतलं?"

आम्ही गप्प झालो. पुस्तकात राजा होता, प्रधान होता, सरदार होते. आम्ही पानाकडे पाहिले, आजीकडे पाहिले. आम्हाला एकदम त्या पुस्तकाचा रागच आला आणि ते आम्ही मिटले. तर आजी म्हणाली, "अरे, मिटतं कायले? म्या इचारलं फक्त. थ्या पोराचं पुढं काय झालं थे सांग."

मित्रहो, आमच्या आजीच्या त्या दोन वाक्यांत या विषयाचे सगळे सार आहे असे आम्हाला आज वाटते. तिने प्रश्नही विचारला आणि गोष्टही सोडली नाही. प्रश्न विचारल्याने तिचा आनंद कमी झाला नाही आणि आनंदात ती प्रश्न विसरली नाही. आम्ही मात्र आठवीत शिकत असूनही एकतर आनंद नाहीतर प्रश्न, एवढेच जाणत होतो.

आता या अद्भुतरम्य प्रेमकथा मराठीत आल्या कशा, ते थोडक्यात पाहू. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःखावरची कादंबरी निघाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. म्हणजे आरंभी समाजातले दुःख लिहिले जात होते. पण १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली आणि वाचकांना राजे, राजकन्या, संकटे, योगायोग आणि शेवटी मीलन यांचा नाद लागला. एका मुक्तेने आपल्या लोकांचे खरे दुःख लिहिले आणि सहा वर्षांनी दुसरी मुक्ता कल्पनेच्या राज्यात जन्मली, असेही म्हणता येईल.

असे का झाले? याचे उत्तर रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत स्वतःच दिले आहे. त्यांचा आशय असा की आपल्या हिंदू लोकांच्या विवाहाविषयीच्या कल्पना आणि इतर चालीरीती अशा आहेत की त्यांच्या रोजच्या जगण्यात चित्त वेधून घेईल असे काही घडतच नाही. जे रोज पाहतो तेच लिहिले तर त्यात रस उत्पन्न होणार नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, हा कबुलीजबाब फार महत्त्वाचा आहे. प्रेमकथेला काय लागते? एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांना पाहतात, एकमेकांची निवड करतात आणि त्या निवडीसाठी जगाशी झगडतात. पण ज्या समाजात सातव्या-आठव्या वर्षी लग्न लागते आणि तेही जातीच्या कुंपणाच्या आत, तिथे निवड कोण करणार? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरविले, त्यावरून आधीची स्थिती ध्यानात यावी. जिथे निवड नाही तिथे प्रेमकथाही नाही. म्हणून लेखकाला गाव सोडून राजवाड्यात, अरण्यात, कल्पनेतल्या राज्यात जावे लागले.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. जातीबाहेर विवाह न होऊ देणे हेच जातीचे मर्म आहे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय असल्याचे सांगितले आणि जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांचा पगडा उतरल्याशिवाय हे होणार नाही, असेही बजावले. आता रिसबूड आणि बाबासाहेब शेजारी ठेवून पाहा. कादंबरीकार म्हणतो, इथे प्रेमकथा घडत नाही. बाबासाहेब सांगतात, ती घडू नये अशीच इथली रचना आहे. दोघांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे, परंतु बोट एकाच जागेवर पडले आहे.

म्हणून त्या मुलीला आमचे पहिले उत्तर असे. बाई, तुला ती कादंबरी आवडली यात अपराध काही नाही. लाल रक्ताची मुलगी आणि राजपुत्र एकमेकांकडे पाहतात तेव्हा तुझ्या छातीत जे धडधडते ते राजवाड्याच्या प्रेमाने धडधडत नाही. बंद दरवाजाला कोणीतरी हात लावला, म्हणून धडधडते. आमच्या आजीच्या "मंग?" या हुंकारातही तेच होते.

परंतु इथे थांबून चालणार नाही. या गोष्टींत एक मेख आहे आणि ती शेवटच्या प्रकरणात असते.

'वीरधवल' १९१३ ची. नाथ माधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडावर झालेल्या अपघातात त्यांचे पाय अधू झाले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन करता करता ते लेखनाकडे वळले. त्या काळच्या आपल्या लेखकांवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची मोठी छाप होती. हा रेनॉल्ड्स गंमतीचा माणूस. लंडनच्या राजेरजवाड्यांची, सरदारांची भानगडींनी भरलेली रसभरित वर्णने तो लिहायचा आणि स्वतः मात्र कामकरी लोकांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा पुढारी होता. १८४८ साली ट्रॅफल्गार चौकातल्या सभेचे अध्यक्षस्थान त्याने भूषविले होते. आमच्याकडे त्याचे महाल आले, भुयारे आली, वेषांतरे आली. चळवळ मात्र बोटीतून उतरली नाही.

आणि त्या पठडीचा शेवट बहुधा ठरलेला. गरीब, अनाथ, कोणाच्या तरी झोपडीत वाढलेला तरुण आणि वरच्या कुळातली मुलगी. वाचक श्वास रोखून आहे, आता राजा काय करणार? तेवढ्यात तरुणाच्या दंडावरची खूण दिसते, नाहीतर गळ्यातला ताईत सापडतो, नाहीतर म्हातारी दाई पुढे येऊन साक्ष देते. तरुण राजपुत्रच निघतो! लगेच लग्न, लगेच राज्याभिषेक. लहानपणी 'चांदोबा' मासिकातही आम्ही हे कितीदा तरी वाचले. केवळ आपल्याकडेच असे आहे असेही नाही. शेक्सपियरच्या 'विंटर्स टेल' नाटकातही धनगराघरी वाढलेली पोरगी शेवटी राजकन्याच ठरते.

यात बिघडले काय? बिघडले ते असे. अडीचशे पाने लेखक आपल्याला सांगत आला की हा तरुण शूर आहे, प्रामाणिक आहे, मायाळू आहे, म्हणून तो या मुलीला योग्य आहे. शेवटच्या पाच पानांत तो सांगतो की हे सगळे गुण त्याच्यात आले, कारण रक्तच राजाचे होते. दरवाजाला हात लागला, दरवाजा हललाही, पण शेवटी कळले की हात आतल्याच माणसाचा होता. राजा जिथल्या तिथे, कुळ जिथल्या तिथे, वाचक खूश. एखाद्याच्या गळ्यात ताईत सापडला नसता तर? आजीने विचारलेला मोहल्ला तो हाच.

आता गंमत पाहा. त्या नव्या इंग्रजी कादंबरीतल्या राजवाड्याला ही युक्ती चांगली ठाऊक आहे. लाल रक्ताच्या मुलीला शक्ती आहे हे लोकांना कळले तर राज्याचा पायाच हलेल. म्हणून राजा-राणी खोटीच गोष्ट रचतात, की ही मुळात एका रुपेरी सरदाराची हरवलेली मुलगी आहे. म्हणजे ताईत राजवाड्यानेच तयार केला! आम्ही ती कादंबरी मुलीकडून मागून घेतली, डिक्शनरी जवळ ठेवून वाचली आणि या ठिकाणी आलो तेव्हा आम्हाला आजीची फार आठवण झाली. जो शेवट दीडशे वर्षे आपल्याला सुखाचा म्हणून दिला गेला, तो सत्तेचा बनाव असू शकतो, हे त्या लेखिकेने कथेतच दाखविले आहे.

इथे कोणी म्हणेल की दाखला तर आपणही काढतो. विद्यार्थ्यांनी यात गोंधळ करू नये. कादंबरीतला ताईत सांगतो, 'हा जन्माने मोठा, म्हणून याला सर्व द्या.' आपला जातीचा दाखला सांगतो, 'जन्माच्या नावावर यांचे पिढ्यान्पिढ्या काढून घेतले, त्यातला वाटा परत द्या.' एक कुळाची पूजा करतो, दुसरा त्या पूजेने झालेल्या नुकसानीची नोंद आहे.

मग अशी पुस्तके आपल्या वाचनालयातून काढून टाकावीत काय? महात्मा फुल्यांनी १८८५ साली पुण्याच्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण नाकारले होते. जे लोक सर्वांचे मानवी हक्क खुशीने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. हे कठोर वाटले तरी खरे होते. पण जोतीरावांनी गोष्टीच नकोत असे म्हटले नाही. त्यांनी १८५५ सालीच 'तृतीय रत्न' नाटक लिहून आपली गोष्ट आपण मांडली होती. अण्णाभाऊ साठ्यांनीही तेच केले. शाळेत फारसे न गेलेल्या या माणसाने साहसाची, प्रेमाची, थराराची सगळी गोडी आपल्या लेखणीत उतरविली, पण नायक आपल्या वस्तीतून घेतला. १९५९ सालची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फकिराला मोठे ठरविण्यासाठी कोणत्याही ताईताची गरज पडली नाही.

आणि मित्रहो, आपल्या बौद्ध वाङ्मयाकडे वळले तर आश्चर्य वाटेल. ताईत नसलेल्या अद्भुत प्रेमकथा तिथे फार पूर्वीपासून आहेत.

मातंग जातक घ्या. जातककथांत त्याचा क्रमांक ४९७. वाराणसीच्या एका श्रेष्ठीची मुलगी दिट्ठमंगलिका. चांडाळ दृष्टीस पडला म्हणून तिने सुगंधी पाण्याने डोळे धुतले आणि ती माघारी फिरली. सोबतच्या लोकांनी त्या मातंग नावाच्या चांडाळ तरुणाला मरेस्तोवर मारले. शुद्धीवर आल्यावर तो श्रेष्ठीच्या दारात जाऊन पडून राहिला. 'मुलगी मिळाल्याशिवाय उठणार नाही,' म्हणाला. सातव्या दिवशी मुलगी त्याच्या हवाली झाली. मार खाऊन त्याला चालवेना, तेव्हा जिने डोळे धुतले होते तिनेच त्याला पाठीवर घेऊन भर नगरातून चांडाळवस्तीत नेले. पुढे त्या कथेत चमत्कारही पुष्कळ आहेत. परंतु मातंग शेवटपर्यंत चांडाळच राहतो, कोणी हरवलेला राजपुत्र निघत नाही. आणि तो मातंग म्हणजे स्वतः बोधिसत्त्व होते, असे जातक सांगते. एक गोष्ट मात्र आपण आजीसारखी विचारली पाहिजे, त्या मुलीला कोणी विचारले काय? हा प्रश्न जातकालाही चुकत नाही, आणि विचारायला तथागतांनी कधी मनाई केलेली नाही.

दुसरी कथा प्रकृतीची. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती आपण सर्वांनी वाचली आहे. आनंदाने पाणी मागितले, तिने आपण चांडाळकन्या असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने मला पाणी हवे, जात नको, अशा अर्थाचे उत्तर दिले. यावरूनच रवींद्रनाथ टागोरांनी १९३३ साली 'चंडालिका' नाटक लिहिले. ज्या संस्कृत ग्रंथात ही कथा विस्ताराने येते त्या 'दिव्यावदाना'तल्या शार्दूलकर्णावदानात पुढचाही भाग आहे. तो कमी लोकांना ठाऊक आहे. त्यात तथागत मागच्या जन्माची गोष्ट सांगतात. त्रिशंकू नावाचा मातंगांचा राजा आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या विद्वान ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू तलवार उपसत नाही, ताईत दाखवीत नाही. तो वाद घालतो. गवतात, झाडांत, पशुपक्ष्यांत वेगळेपणा डोळ्यांना दिसतो, तसा माणसामाणसांत कुठे दिसतो ते दाखव, म्हणतो. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि मुलगी देतो. तिसऱ्या शतकाच्या सुमारास ही कथा चिनी भाषेतही गेली होती. इतका जुना हा शेवट आहे, आणि तो कुळाच्या खुणेवर नव्हे तर विचारावर उभा आहे.

आजच्या काळाची गोष्ट सांगायची तर २०१६ चा नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आपण सर्वांनी पाहिला. अर्धा चित्रपट आपण गाण्यांवर नाचलो आणि शेवटी थिएटरातून कोणी न बोलता बाहेर पडलो. परशाच्याही गळ्यात ताईत नव्हता. ताईत नसलेल्यांचे काय होते ते त्या लहान मुलाच्या पावलांनी दाखविले.

इथपर्यंत टाळ्या वाजवायला सोपे होते. आता जे सांगणार आहोत ते आमच्या स्वतःच्या घरचे आहे आणि सांगताना आम्हाला जड जाते आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भाचीने घरी सांगितले की तिने मुलगा पसंत केला आहे. मुलगा शिकलेला, नोकरीत कायम, निर्व्यसनी. अनुसूचित जातींपैकीच, परंतु आपल्या समाजाचा नव्हे. बहीण घाबरली आणि तिने मोठ्या भावाला म्हणजे आम्हाला बोलाविले. मुलगा भेटायला आला. खुर्चीवर बसला, चहा आला. आम्ही विचारले, "गाव कोणतं?" त्याने सांगितले. आम्ही विचारले, "वडील काय करत?" त्याने सांगितले. मग आम्ही म्हणालो, "आडनावावरून काही लक्षात येत नाही." हे वाक्य आपल्याला किती जणांनी किती ठिकाणी ऐकविले असेल! भाड्याची खोली शोधताना, प्रवासात, कचेरीत. त्या दिवशी ते आमच्या तोंडून निघाले. मुलगा शांतपणे म्हणाला, "मामा, सांगतो. पण सांगितल्यावर चहा गार होऊ देऊ नका."

मित्रहो, आम्ही 'वीरधवल' वाचलेली, फुले-आंबेडकर वाचलेले, जयंतीला भाषणे केलेली. आणि दारात तरुण आला तेव्हा आम्ही वाचक राहिलो नाही, सिंहासनावरचा राजा झालो. आम्हीही त्याच्या गळ्यात ताईत शोधत होतो. मुलाचे गुण आम्हाला दिसत होते, परंतु ते पुरेसे वाटत नव्हते. घरातल्यांना तयार व्हायला अकरा महिने लागले. आमच्या बहिणीच्या आधी आमचाच पाय अडखळत होता, हे कबूल करतो. शेवटी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवसांची मुदत संपली आणि अमरावतीला नोंदणी झाली. सही करताना भाची आमच्याकडे पाहून हसली. तिने ते अकरा महिने माफ केले असावेत, असे आम्ही समजतो.

हे आमच्यापुरते असते तर चव्हाट्यावर मांडले नसते. वधूवर परिचय मेळाव्याच्या वेळी फॉर्म तपासण्याचे काम आमच्यासारख्या कारकुनाकडे येते. त्या फॉर्मवर 'पोटशाखा' असा एक रकाना आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांचे हे फॉर्म आहेत! तो रकाना कोणी रिकामा सोडत नाही आणि कोणी सोडलाच तर फोन करून विचारतात. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशातले आंतरजातीय विवाह शंभरात पाचच्या आसपास आढळले. उरलेल्या पंचाण्णवांत आपणही आहोत. नुसते वरच्यांकडे बोट दाखवून हे गणित सुटणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. अद्भुतरम्य प्रेमकथा वाचा, मनसोक्त वाचा. रात्री दोन वाजेपर्यंत जागा, फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. जी गोष्ट आवडली ती आवडली म्हणायला लाजू नका. आपल्या आईबापांना, आजीआजोबांना तेवढा आनंदही परवडत नव्हता. मात्र वाचताना तीन गोष्टी विचारा. या राज्यात आपला मोहल्ला कोणत्या बाजूला आहे? नायक कशामुळे मोठा ठरला, गुणामुळे की गळ्यातल्या खुणेमुळे? आणि जिच्यासाठी एवढे सगळे चालले आहे त्या मुलीला कोणी विचारले काय? हे विचारल्याने गोष्टीची गोडी जात नाही. आमच्या आजीची गेली नव्हती. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी लिहायला लागले, तर शेवटचे प्रकरण नीट लिहा.

सभासदांना मात्र एक विनंती आहे. येत्या मेळाव्याच्या फॉर्मवरून तो 'पोटशाखा' रकाना काढून टाकावा, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी मांडणार आहोत. सूचक म्हणून आमची सही त्यावर आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.

ज्या मुलीने हा प्रश्न विचारला ती आज समोर बसली आहे. तिला उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला, त्याबद्दल तिची क्षमा मागतो. तिची कादंबरीही परत आणली आहे. त्या मालिकेचा दुसरा भाग तिच्याकडे असल्यास आम्हाला वाचायला द्यावा. त्या पोरीचे पुढे काय झाले, ते आम्हाला जाणून घ्यायचे आहे.



नमो बुद्धाय. जयभीम.